बेसिल दर वेळी मरतंय? औषध आणायच्या आधी कुंडीचं बूड बघा

आमच्या सोसायटीत कुणाचं बेसिल, म्हणजे ती पिझ्झा-पास्त्यावरची तुळस, आडवं झालं की लोक कुंडी घेऊन लिफ्टने थेट माझ्या दारात येतात. मी माळी वगैरे काही नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहते, बाल्कनी जेमतेम चार बाय दहाची, आणि सहा वर्षांत स्वतःची पंधरा तरी रोपं मारून झाली तेव्हा कुठे थोडी अक्कल आली. आता तोच तो आजार इतक्यांदा बघितलाय की प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते बघून ठेवा, काहींची दोन-तीन एकदम असतील.

- मॉलमधून आणलेलं गच्च हिरवंगार रोप आठ-दहा दिवसांत मान टाकतं
- खालची पानं पिवळी होऊन गळतात आणि माती मात्र ओलीच असते
- दुपारी लोळतं, संध्याकाळी परत उभं राहतं
- नुसत्या लांब काड्या, पानं कमी, सगळं रोप एका बाजूला झुकलेलं
- मंजिऱ्या आल्यात, पानं बारीक आणि कडवट झालीत
- पानं वळलेली, चिकट, किंवा मागे पांढरं पांढरं काहीतरी
- पावसाळ्यात पान वरून शिरांच्या मधे पिवळं, आणि मागच्या बाजूला राखाडी-जांभळी धूळ बसल्यासारखी
- रोपाची एकच बाजू सुकते
- रोप ठणठणीत, पण तोडलेली पानं घरात काळी पडतात

शेवटच्यापासून सुरू करते कारण तो आजारच नाहीये आणि त्याला पैसाही लागत नाही. बेसिलला थंडी सोसत नाही. फ्रीजमध्ये ठेवलं की एका रात्रीत पानं काळी, आपण कोथिंबिरीसारखं पेपरात गुंडाळून ठेवतो आणि तिथेच चुकतं. काड्यांची टोकं कापून पाण्याच्या ग्लासात ओट्यावर ठेवा, उन्हात नाही, आणि पाणी एक दिवसाआड बदला, आठवडाभर आरामात राहतं. पेस्टो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, काळा पडत असेल तर मिक्सर गरम होतोय. पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, नीट पिळून घ्या, भांडं फ्रीजरमध्ये गार करून मग थांबत थांबत फिरवा, हिरवा राहतो. पाइन नट्स कुठे शोधत बसताय, काजू घाला, मी तर भाजलेले शेंगदाणेही घालते आणि मुलांना फरक कळत नाही. गरम पदार्थात पानं गॅस बंद केल्यावरच टाका, शिजवली की वास गेलाच. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, ताजी पानं तेलात बुडवून बाटली बाहेर ठेवायची नाही, हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढू शकतो आणि वासावरून, चवीवरून काही कळत नाही. टिकवायचंच तर बर्फाच्या ट्रेमध्ये तेलासकट गोठवा.

आता रोपाकडे.

पहिली तपासणी: बोट आणि वजन (फुकट)

माती वरून बघू नका. बोट दोन पेरं आत घाला. आत ओलं लागलं तर आज पाणी नाही, विषय संपला. मग कुंडी उचलून बघा, पाणी घातल्यावर किती जड असते आणि वाळल्यावर किती हलकी होते हे चार दिवसांत हाताला कळायला लागतं, त्यानंतर बोटाचीही गरज पडत नाही.

हे सगळ्यात आधी का, तर माझ्याकडे आलेल्या दहातल्या सात-आठ कुंड्यांना बाकी काहीच झालेलं नसतं, फक्त पाणी जास्त झालेलं असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून रोप तहानल्यासारखं लोळतं. आपल्याला वाटतं बिचारं सुकलं, आपण अजून एक तांब्या ओततो. संपलं!

आमच्या घरी तर हा तांब्या अक्षरशः तांब्याच होता. सासूबाई सकाळी अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात उरलेलं शेजारच्या बेसिलला, रोज न चुकता, पावसाळ्यातसुद्धा. मी ऑफिसला जायच्या आधी घालायचे ते वेगळं. तीन रोपं गेल्यावर एका रविवारी दोघी एकदम बाल्कनीत आलो, दोघींच्या हातात पाणी, तेव्हा उलगडा झाला. तुळस जुनी, मातीच्या वृंदावनात, खोड बोटाएवढं जाड, तिने सगळं सोसलं. बेसिल तिच्याच गोत्रातलं, म्हणजे शास्त्रीय नावात दोन्ही ऑसिममच, पण कोवळ्या देठाचं आणि प्लॅस्टिकच्या कुंडीत, खाली ट्रे. तुमच्या घरात पाणी कोण कोण घालतं ते आधी विचारा, मस्करी नाही करत. आता आमच्याकडे पाणी घातलं की कुंडीवर कपड्याचा चिमटा लावायचा असं ठरलंय, चिमटा असेल तर दुसऱ्याने हात लावायचा नाही.

ट्रेमध्ये पाणी साठलेलं असेल तर ओतून टाका. त्यात डासही होतात आणि मग महापालिकेची माणसं तपासणीला आली की बोलणी खायची ती वेगळी.

दुपारी लोळून संध्याकाळी सावरत असेल आणि माती आत कोरडी असेल तर ती खरी तहान, एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत हे रोजचं आहे. माती ओली असून लोळत असेल तर पुढे वाचा.

दुसरी: बुडाची भोकं (तीसुद्धा फुकट, हात घाण होतील)

कुंडी आडवी करून खाली बघा. भोकं आहेत का? हसू नका, बी विंगमधल्या काकूंनी सुंदर निळ्या सिरॅमिकच्या कुंडीत लावलेलं आणि तिला भोकच नव्हतं, तळाशी चार बोटं काळं पाणी निघालं, गटारासारखा वास. भोकं असली तरी नर्सरीतली लाल माती बसून घट्ट झाली की ती बुजतात. जुना स्क्रू ड्रायव्हर किंवा बार्बेक्यूची काडी खालून घालून मोकळी करा आणि मग पाणी घालून बघा, मिनिटभरात खालून यायला हवं. नाही आलं तर माती बदलायची वेळ आली, ते पुढे सांगते.

तिसरी: ऊन

बेसिलला पाच-सहा तास थेट ऊन हवं. नुसता उजेड पुरत नाही, उजेडात ते जगतं पण काड्या काढतं. एक रविवार घरी असताना दर तासाला मोबाइलवर बाल्कनीचा फोटो काढा, खरा हिशोब कळेल, आपला अंदाज नेहमी दुप्पट असतो.

इथे ठाण्याची एक गंमत आहे जी मला तिसऱ्या वर्षी कळली. आमची बाल्कनी दक्षिणेची. डिसेंबरात ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं, मी खूश. आणि जूनमध्ये त्याच जागेवर रोप काडीसारखं. मला वाटायचं ढगांमुळे. पण आपल्याकडे तो शून्य सावलीचा दिवस येतो ना, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो, मेच्या मध्यात एकदा आणि जुलैच्या अखेरीस एकदा, त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा दुपारचं ऊन येणारच नाही, वर स्लॅब आहे, आणि त्यात ढग. तेवढे दोन-अडीच महिने मी कुंडी बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीत हलवते. पूर्वेची बाल्कनी असेल तर तुम्ही नशीबवान. पश्चिमेची असेल तर मेमध्ये दुपारपुरती ग्रीन नेट बांधा. उत्तरेची असेल तर बेसिलचा नाद सोडा आणि पुदिना लावा, खरंच सांगते.

कुंडी ग्रिलच्या आतच ठेवा. उन्हासाठी म्हणून कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ठेवलेली कुंडी वाऱ्याने खाली गेली तर खाली माणसं असतात.

चौथी: खुडताय का?

मराठी घरातला हा खास प्रॉब्लेम. रोप दिसतं तुळशीसारखं, त्यामुळे खुडायला हात धजत नाही. माझी आई द्वादशीला बेसिल खुडू देईना, संध्याकाळी तर नाहीच नाही, मी तिला म्हटलं अगं हे पिझ्झ्यावरचं आहे, तर म्हणे असू दे, वास बघ त्याचा. बरं.

पण खुडलं नाही तर ते मंजिऱ्या काढतं, आणि मंजिरी आली की रोपाचं लक्ष पानांवरून बियांवर जातं, पानं बारीक, चव कडवट, खोड लाकडासारखं. पानं एकेक करून खालून तोडू नका, तिथेच बहुतेकांचं चुकतं. सहा-आठ इंच उंची झाली की शेंडा कापा, पानांच्या एका जोडीच्या बरोबर वर. त्या जोडीच्या बेचक्यात दोन बारीक कोंब दिसतील, पुढे त्याच दोन फांद्या होतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मंजिरी दिसली की त्याच दिवशी खुडा, टाकू नका, चहात छान लागते.

कापलेला चार इंचाचा शेंडा खालची पानं काढून पाण्यात ठेवला तर आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. माझ्या ओट्यावर असा एक ग्लास कायम असतो, मूळ रोप गेलं तरी रडायची वेळ येत नाही.

पाचवी: एका कुंडीत किती रोपं आहेत?

मॉलमधलं गच्च रोप जवळून बघितलंत तर ते एक नसतंच. पंधरा-वीस बिया एकत्र टाकून उगवलेली गर्दी असते ती, चार इंचाच्या कुंडीत, दिसायला भरगच्च आणि आयुष्य दोन आठवड्यांचं. मुळांना जागा नाही, पाणी दिलं तर कुजतात, नाही दिलं तर दुपारपर्यंत सुकतात. यात तुमची काही चूक नाही. घरी आणलं की एक दिवस सावलीत ठेवा, मग संध्याकाळी मातीचा गोळा पाण्यात भिजवून हळूच चार-पाच भाग करा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, आठ इंचाच्या कुंडीत दोन-तीन काड्या, बस. दोन-चार मरतील, मरू द्या.

बियांवरून करायचं असेल तर किराण्यातला सब्जा घ्या, फालुद्यात घालतो तोच. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी, फक्त जात वेगळी असते, त्यामुळे वास थोडा लवंगेसारखा, बडिशेपेसारखा येऊ शकतो. थाई करीला मस्त, इटालियन पेस्टोला तितकासा नाही. त्यासाठी स्वीट बेसिलचं पाकीट घ्या. आणि पाकिटावरचं पेरणीचं वेळापत्रक डोळे झाकून पाळू नका, बरीचशी थंड देशांसाठी लिहिलेली असतात, तिथे हे उन्हाळी पीक. ठाण्यात थंडी असते तरी किती, आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च हाच त्याचा खरा सीझन.

सहावी: पानाची मागची बाजू (दहा-वीस रुपयांपासून पुढे)

मोबाइलचा टॉर्च लावून बघा. बारीक हिरवे-काळे ठिपके हलतायत, पान चिकट आहे तर मावा. हात लावला की पांढरे किडे उडतात ती पांढरी माशी. बेचक्यात कापसासारखं ते पिठ्या ढेकूण, आणि शेजारी जास्वंद असेल तर तिकडूनच आलाय. उन्हाळ्यात पानावर फिकट टिपके आणि मागे बारीक जाळी म्हणजे कोळी कीड.

आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून, सकाळी, तीन दिवस. अर्धे किडे इथेच जातात. उरले तर लिटरभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, त्यात ५ मिली नीम तेल, नीट हलवून संध्याकाळी फवारा, उन्हात फवारलं तर पानं भाजतात. आठवड्याने परत, असं तीनदा. मधल्या काळात खायला पानं काढू नका, नंतरही नीट धुऊन घ्या, नाहीतर पास्त्याला कडुनिंबाची चव. दुकानदार रासायनिक कीटकनाशक देऊ करेल, नको म्हणा. हे पान आपण कच्चं खातो. पेस्ट कंट्रोलवाल्याने बाल्कनीत फवारलं असेल तर ते रोप खाण्यातून बाद समजा.

सातवी: पाणी कुठलं आहे?

मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या असतील तर बोअरवेलच्या पाण्याचा संशय घ्या. खाडीजवळच्या सोसायट्यांत, वाशी-नेरूळकडेही, बागेचा नळ बऱ्याचदा बोअरचा असतो आणि त्यात क्षार असतात. पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी देऊन बघा. नवीन पानं स्वच्छ आली तर कारण सापडलं.

आठवी: माती बदलणं (दोन-तीनशे रुपये आणि एक सकाळ)

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर रोप मातीसकट बाहेर काढा. मुळं पांढरी, टणक असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत आणि वास येत असेल तर कुजलीत, अशा रोपाचा चांगला शेंडा कापून पाण्यात ठेवा आणि बाकीचं सोडून द्या, मी पूर्वी हळद लावणं, दालचिनी टाकणं सगळं करून बसले आहे, वेळ जातो फक्त.

माझं मिश्रण असं: दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन गांडूळखत, एक लाल माती, एक जाड वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून एकदा-दोनदा धुऊन पिळा, त्यातही मीठ असतं. वाळू बांधकामवाल्याकडून उचलत असाल तर खाडीची नाही ना विचारा. आणि खताचा हात आखडता ठेवा, जास्त खताने पानं मोठी होतात पण वास पातळ होतो.

नववी: रोग (इथे जिंकत नाही)

जुलैमध्ये पान वरून शिरांच्या चौकटीत पिवळं पडतं, लोकांना वाटतं खत कमी पडलं, खत घालतात. सकाळी सकाळी पान उलटं करून बघा, राखाडी-जांभळी भुकटी दिसली तर तो डाउनी मिल्ड्यू, केवडा म्हणतात ना पिकांवरचा, त्यातलाच प्रकार. दमट हवा आणि रात्रभर ओली राहिलेली पानं हे त्याचं कारण, आणि आपल्या पावसाळ्यात दुसरं आहे काय. डाग पडलेली पानं काढा, कुंड्या लांब लांब ठेवा, पाणी पानांवर न घालता बुडाशी आणि सकाळीच घाला. पण अर्ध्याहून जास्त रोपावर पसरलं असेल तर उपटून पिशवीत बांधून टाका. वाचवत बसाल तितके दिवस ते शेजारच्या कुंडीत जाईल.

एकच बाजू सुकत असेल तर सुकलेल्या बाजूचं खोड आडवं कापून बघा. आत तपकिरी रेघ किंवा वलय दिसलं तर फ्युसॅरियमची मर. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. रोप, माती दोन्ही टाका, कुंडी घासून ब्लीचच्या पाण्याने धुवा, आणि ती माती सोसायटीच्या कंपोस्ट पिटात अजिबात टाकू नका.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

नवीन बी, नवीन माती, धुतलेली कुंडी, आणि तरी तिसऱ्यांदा तसंच मेलं तर चौथं आणू नका. मेलेलं रोप मुळासकट आणि वाटीभर माती घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, नुसता फोटो पाठवून तिथेही कुणाला काही सांगता येत नाही.

पिठ्या ढेकूण सगळ्या कुंड्यांवर गेला असेल, जास्वंद, मोगरा, सगळं, तर जाणत्या माळ्याला बोलवा आणि खायची झाडं कुठली ते त्याला आधी दाखवा. ग्रिलला कुंड्यांचं स्टँड लावायचं तर फॅब्रिकेटरकडून लावून घ्या, तारेने बांधू नका. बाहेर वाकून फवारणी करायची नाही, कितीही किडे असू देत.

आणि खालच्या मजल्यावरचे सांगत आले की आमच्या छताला ओल आलीय, तर तो बेसिलचा प्रश्न राहिला नाही. कुंड्या त्याच दिवशी उचला, पाणी बंद करा, सोसायटीला लेखी कळवा आणि वॉटरप्रूफिंगवाला येऊन बघेपर्यंत फरशीवर एकही कुंडी ठेवू नका. आम्ही दोन महिने "थोडंसंच तर पाणी घालतो" म्हणत काढले आणि खालच्यांच्या बेडरूमचा पंखा बंद पडला, पाणी वायरिंगपर्यंत गेलं होतं.